पिवळी रेघ

माझ्या वर्गात टॅबलेट उघडायला बंदी होती. मोबाइलला होतीच, पण टॅबलेटवर माझा विशेष राग. भोपाळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते आणि दर सत्राच्या पहिल्या तासाला माझं एक ठरलेलं भाषण असे. पुस्तक विकत घ्या. परवडत नसेल तर लायब्ररीतून आणा, झेरॉक्स काढा. अगदीच स्क्रीनवर वाचायचं असेल तर ई-इंकचं रीडर घ्या, ज्यात वाचनाशिवाय दुसरं काही करता येत नाही. टॅबलेट हे सिनेमा बघायचं साधन आहे. त्यावर वाचणारा माणूस वाचत नसतो, वाचल्यासारखं करत असतो. हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. मुलं हसायची, मी खूश व्हायचे.

आता ते आठवलं की कान गरम होतात.

या मताला मी तत्त्व समजत होते. ते आलं होतं घरातून. बाबा 1966 साली नागपूरहून भोपाळला आले. तेव्हा त्यांच्या कारखान्याचं नाव हेवी इलेक्ट्रिकल्स होतं. असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या इंग्लिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तो उभा राहिला होता. 1974 मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला, पण बाबांच्या तोंडी अजूनही ‘हेवी’च. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये खिडकीशी त्यांचं टेबल होतं. कारखान्यातून आले, हातपाय धुतले, चहा झाला, की ते ताठ पाठीच्या खुर्चीत बसत, पुस्तक समोर, टोक केलेली पेन्सिल उजव्या हाताला. भेलच्या भोपाळच्या इंजिनीअरांनी मिळून लिहिलेलं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे पुस्तक टाटा मॅकग्रॉ-हिलने छापलं, मुखपृष्ठावर लेखक म्हणून भेलचंच नाव. आमच्या घरी त्याला खाकी कव्हर होतं आणि आम्हा भावंडांना ते हात धुतल्याशिवाय उघडायची परवानगी नव्हती. वाचणं म्हणजे असं बसणं, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्कं झालं. पुढे कॉलेजात असताना ब्रिटिश कौन्सिलच्या लायब्ररीत (आता ती स्वामी विवेकानंद लायब्ररी आहे) तासन्‌तास बसले, तेही तसंच. नोकरी लागली तेव्हा एम.पी. नगर झोन टूमधल्या झेरॉक्सवाल्यांकडे स्पायरल करून घेतलेले ग्रंथ माझ्या कपाटात ओळीने उभे होते. सोफ्यावर पाय वर घेऊन, बोटाने पान सरकवत वाचणारं माणूस दिसलं की मला ते आळशी वाटायचं. त्याला विषय कळला की नाही, हे मी कधी तपासलं नाही.

मग ई-इंक कसं चाललं मला? तर मी इलेक्ट्रिकलची आहे म्हणून. किंडल 2007 मध्ये अमेरिकेत आलं, आपल्याकडे 2012 पासून विकत मिळू लागलं, आणि त्याच्या पडद्यात काय चालतं हे वाचल्यावर मी त्याच्या प्रेमातच पडले. केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या, त्यांत काळे आणि पांढरे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. खालच्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज दिलं की एक जात वर तरंगते, दुसरी तळाशी जाते. वीज लागते ती पान बदलताना. पान तसंच ठेवलं तर काहीच नाही. मागून दिवा डोळ्यांत मारत नाही, पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येतो. एवढी सुंदर युक्ती वाईट असेलच कशी? मी सहा इंची रीडर घेतलं, त्यावर कादंबऱ्या वाचल्या, आणि ते खरोखर उत्तम होतं. एवढ्यावर मी त्याला तांत्रिक पुस्तकांचंही प्रमाणपत्र देऊन टाकलं.

जोडीला एक शास्त्रीय हत्यारही मिळालं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 54 अभ्यास आणि 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचक एकत्र पाहिले होते, आणि माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त चांगला समजतो, असा निष्कर्ष निघाला होता. कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नव्हता. मी ही आकडेवारी वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवली. त्या आढाव्यात मुख्यतः कागद आणि स्क्रीन यांची तुलना होती. ई-इंक भलं आणि टॅबलेट बुरं असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. नीट पाहिलं तर तो निष्कर्ष माझ्या रीडरच्याही बाजूचा नव्हता. पण जे वाक्य कामाचं तेवढं उचलायचं, हे मी विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात लाल पेनाने अधोरेखित करते. स्वतःचं दिसत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जी तेव्हा घरातही कुणाला ठाऊक नव्हती. माझ्या त्या सहा इंची रीडरवर मी तांत्रिक पुस्तक कधीच धड वाचलं नाही. वाचताच येत नव्हतं. ट्रान्सफॉर्मरवरचं आयआयटी मुंबईच्या कुलकर्णी आणि खापर्डे यांचं पुस्तक मला शिकवायला लागतं. तसल्या पुस्तकांची समीकरणं पाहायची तर एकेका ओळीवर पान मोठं करायचं, पडदा काळा-पांढरा झपकतो, मग पान सरकवायचं, पुन्हा झपकतो, तोवर वरच्या ओळीतला सिग्मा कशाची बेरीज करत होता ते विसरायला झालेलं असतं. अक्षरं आपोआप मोठी होणारी ई-पुस्तकं घ्यावीत, तर त्यांतल्या कित्येकांत समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं; भोवतीचा मजकूर वाढतो, समीकरण मुंगीएवढंच राहतं. मग मी काय करायचे? संध्याकाळी, सगळे गेल्यावर, कॉलेजच्या प्रिंटरवर ती पानं छापून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात रीडर हातात धरून भाषण द्यायचे. ढोंगीपणा हा शब्द मी राजकारण्यांसाठी राखून ठेवला होता.

बाबांनाही मी तसलंच रीडर भेट दिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत आता मध्यभागी धूसर डाग असतो, वयाबरोबर होणारा रेटिनाचा आजार. पांढऱ्या पानावरची बारीक अक्षरं त्या डागात बुडतात. रीडर देताना कुप्यांचं आणि कणांचं अख्खं लेक्चर मी त्यांना दिलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, “छान युक्ती आहे” म्हणाले आणि ते ठेवून दिलं. पुढे विचारलं की म्हणायचे, “वाचतो ना.” माझा विश्वास बसला, कारण मला बसायला हवा होता.

सोनागिरीला त्यांच्याकडे गेले होते एका रविवारी. मी आत आले तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, पाय पसरून, आणि मांडीवर माझ्या लेकीचा जुना टॅबलेट. कोपऱ्याला तडा गेलेला, साडेदहा इंची. मला पाहून त्यांनी तो उशीखाली सरकवला. ऐंशी ओलांडलेला माणूस, ज्याने आम्हाला हात धुवायला लावले, तो माझ्यापासून टॅबलेट लपवत होता.

“काय पाहत होता?”

“काही नाही. तुझ्याच नोट्स.”

“यावर? आणि मी दिलेलं रीडर?”

“अगं, तू रागावशील म्हणून बोललो नाही,” ते म्हणाले. “त्यावर मला काही दिसत नाही.”

याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं तेव्हा वाटलं नाही. आधी रागच आला. मी वाद घालणार, तेवढ्यात त्यांनी टॅबलेट काढून माझ्यापुढे धरला. थ्री-फेजच्या लहरींची माझी आकृती. वर्षानुवर्षं वर्गात वाटत आलेल्या नोट्समधली. लाल, पिवळी आणि निळी अशा तीन रेघा, आपल्याकडे आर, वाय, बी फेज याच रंगांनी ओळखतात तशा. रेघांवर अक्षरं मी मुद्दामच घातली नव्हती. रंग बोलतातच की.

“तुझा क्रम उलटा आहे,” बाबा म्हणाले. “लालच्या मागून निळा येतोय. पिवळा यायला हवा. यावर मोटर जोडली तर उलटी फिरेल.”

माझं उत्तर तयार होतं. त्यांच्या डोळ्यांसाठी माझ्या लेकीने टॅबलेटवर काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून दिली होती. असं केलं की सगळेच रंग उलटतात: पिवळ्याचा निळा होतो, निळ्याचा पिवळा. मी जवळजवळ विजयाने म्हणाले, “बाबा, तुम्ही रंग उलटे केलेत. म्हणून तुम्हाला तसं दिसतंय.”

“ते ठाऊक आहे मला. काळ्यावर होतं तेव्हा बरोबर वाटत होतं. आकृती आली की मी सरळ करून बघतो. सरळ केल्यावर चुकलं.”

मी टॅबलेट हातात घेतला. काळं पान, पांढरं पान, पुन्हा काळं. ते म्हणत होते तसंच होतं. आर-बी-वाय. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल झाली की थ्री-फेज मोटर उलट दिशेने फिरते, हे मी दर वर्षी शिकवते, आणि माझ्या स्वतःच्या आकृतीत ती अदलाबदल होती. कधीतरी आकृती नव्याने काढताना दोन रंग चुकून बदलले असणार. फळ्यावर मी खडूने बरोबर काढायचे, म्हणून शंका आली नाही. नोट्स तपासायचे त्या रीडरवर, आणि छापायचे काळ्या-पांढऱ्यात. मी पर्समधून रीडर काढलं, तीच फाइल उघडली. लाल आणि निळी दोन्ही गडद करड्या, ओळखू न येण्याइतक्या सारख्या. आणि पिवळी रेघ? ती जवळपास नव्हतीच. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाची सावली तेवढी, माहीत असेल तरच सापडेल अशी. इतकी वर्षं तिथे ती रेघ मी पाहिली नव्हती, आहे असं धरून चालले होते.

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बाबांनी मात्र ड्रॉवरमधून स्टीलची फूटपट्टी काढली. ते काही मला धडा शिकवायला नव्हे. त्यांना त्या गोष्टीत रस होता. सहा इंची पडद्याची उंची सुमारे 12 सेंटिमीटर, ए-फोर पानाची 29.7. म्हणजे पूर्ण पान दाखवायचं तर ते चाळीस टक्क्यांवर येतं, दहा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. “चार पॉइंट तुला तरी वाचता येईल का?” मग टॅबलेट. उभा धरला तर दहाचं जेमतेम पावणेसात, कारण टॅबलेट सिनेमाच्या हिशेबाने निमुळता असतो आणि पानाची रुंदी त्यात मावत नाही. मग त्यांनी तो आडवा केला. लांब बाजू 22.6 सेंटिमीटर, पानाची रुंदी 21. अक्षर छापल्यापेक्षा किंचित मोठंच. एका वेळी अर्ध्याहून थोडं कमी पान दिसतं, बाकीचं बोटाने वर सरकवायचं. “आडवा धरायचा, बस,” ते म्हणाले. इतकं साधं होतं. ज्या सरकवण्याला मी आळशीपणा म्हणत होते, तो या माणसाचा वाचनाचा एकमेव मार्ग होता, आणि तो त्याने माझ्यापासून लपवून शोधला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आकृती दाखवली आणि चूक सांगितली. वर्ग शांत. अपेक्षित आश्चर्य कुठेच नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मैडम, वो तो मालूम था.” सीनियर्सकडून आलेली गोष्ट होती म्हणे, या आकृतीवर जायचं नाही, फळ्यावरची उतरवायची. मी विचारलं, “बताया क्यों नहीं?” तो जरा घुटमळला. “मोबाइल पे ही दिखता है ना, मैडम.”

सांगायचं तर आधी मोबाइल उघडल्याची कबुली द्यावी लागली असती. माझ्या बंदीने माझीच चूक इतकी वर्षं सुरक्षित ठेवली होती.

त्यानंतर कोणत्या पडद्यावर काय वाचता येतं हे मी नव्याने तपासायचं ठरवलं, बाबांच्या पद्धतीने: चांगलं पान घेऊन नाही, सगळ्यात वाईट पान घेऊन. माझ्या पेन ड्राइव्हवर चार फाइली होत्या. अर्थिंगच्या आयएस 3043 या मानकाचं जुनं, तिरकं स्कॅन झालेलं पान (भारतीय मानक ब्यूरोची मानकं आता मोफत उतरवता येतात, त्यामुळे मुलांचं अर्धं वाचन असल्याच पानांचं असतं). दोन कॉलमांचा एक शोधनिबंध. समीकरणांनी गच्च भरलेलं एक पान. आणि माझी ती आकृती, दुरुस्त केलेली. तो घेऊन न्यू मार्केटमधल्या दुकानात गेले, तर दुकानदाराला वाटलं मी काहीतरी मागायला आले आहे. “मैडम, वीडियो चला के देखिए, डिस्प्ले मस्त है.” त्याच्या चकचकीत डेमो व्हिडिओपुढे आयएस 3043 फारच गरीब दिसत होतं.

एका सहकाऱ्याकडे 10.3 इंची ई-इंक होतं, ते काही दिवस मागून घेतलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते मला फार आवडलं. त्यावर ए-फोर पान सत्तर टक्क्यांवर येतं, दहाचं अक्षर सातचं; पण समास कापून टाकले तर साडेआठपर्यंत जातं, आणि पेनाने कडेला लिहिता येतं. एखादं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचायचं तर मी आजही तेच निवडेन. पण तांत्रिक पुस्तक असं वाचतो कोण? समीकरणावरून मागच्या आकृतीवर, तिथून परिशिष्टातल्या तक्त्यावर, पुन्हा समीकरणावर, अशी आपली धावाधाव असते, आणि प्रत्येक उडीला तो पडदा विचार करत बसतो. रंगीत ई-इंकही पाहिलं. त्यात काळी अक्षरं इंचाला 300 ठिपक्यांची, पण रंग आले की 150, तेही धुऊन विटलेल्या साडीसारखे. पिवळी रेघ दिसली, पण ‘आहे बरं का मी’ म्हणण्यापुरतीच. 13.3 इंचीवर पान नव्वद टक्क्यांचं येतं, तिथे तक्रारीला जागा नाही; किंमत ऐकून मात्र मी विषय बदलला.

शेवटी मी स्वतःसाठी टॅबलेट घेतला. चार-तीन प्रमाणाचा, कारण पुस्तकाचं पान त्या आकाराच्या जवळचं असतं. सिम नाही, मेल नाही, सगळ्या सूचना बंद. टॅबलेटविषयीची माझी एक तक्रार खरी होती आणि ती मी सोडलेली नाही: मध्येच कुणाचा तरी ‘शुभ सकाळ’ येऊन पडला की लॅप्लेस ट्रान्सफॉर्म गेलाच. रात्री डोळेही थकतात, आणि बाल्कनीतल्या उन्हात तो आरसा होतो. सहा इंची रीडर अजून पर्समध्ये आहे, मराठी कादंबऱ्यांसाठी. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची खाकी कव्हरातली प्रत बाबांच्या कपाटात आहे, तिच्यातली अक्षरं आता त्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना हवी ती प्रकरणं मी स्कॅन करून देते. स्कॅनिंग नीट झालं नाही, कडा काळ्या आल्या की ते पान परत पाठवतात. आडवं धरून वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

बंदी उठवली. पहिल्या तासाचं भाषणही गेलं. त्याऐवजी मुलांना म्हणते, काही विकत घ्यायच्या आधी आपलं सगळ्यात वाईट पान घेऊन या, त्यावर बघू. बहुतेकांकडे फोनच असतो, आणि नवं काही घ्यायला पैसे नसतात. त्यांना मी काय सांगणार? फोन आडवा धरा, समास कापा. हे ते माझ्या आधीपासून करत होते.

सवय मात्र गेलेली नाही. फळ्याकडून वळले आणि मागच्या बाकावर एखादा चेहरा खालून उजळलेला दिसला की अजूनही डोकं तापतं. तिथे आयएस 3043 उघडलंय की क्रिकेटचा स्कोअर, हे पुढून कळत नाही. म्हणून जाऊन बघते. पुष्कळदा स्कोअरच असतो.